पेटी लहान, कार्ड कोणतं?

पॉवर मॅक जी-फोर क्यूब उघडायला स्क्रूड्रायव्हर लागत नाही. यंत्र उलटं करायचं, तळाची मूठ दाबायची. ती वर येते आणि तिला धरून ओढलं की पारदर्शक ॲक्रिलिकच्या आवरणातून अख्खा संगणक हातात येतो, विहिरीतून कळशी वर यावी तसा. मदरबोर्ड, हार्ड डिस्क, मेमरी, मधोमध उष्णता शोषणारा धातूचा जाड ठोकळा आणि एका अंगाला उभं लावलेलं ग्राफिक्स कार्ड. ॲपलने १९ जुलै २००० रोजी न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्ड प्रदर्शनात हे यंत्र दाखवलं, तेव्हा त्याची किंमत १,७९९ डॉलर होती. वर्ष पुरं व्हायच्या आत, ३ जुलै २००१ रोजी, त्याचं उत्पादन थांबल्याची घोषणा झाली. आज क्यूब न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. पण ज्यांच्या घरी तो अजून चालू स्थितीत आहे, त्यांना संग्रहालयापेक्षा एका साध्या प्रश्नात जास्त रस असतो: याच्यात यापेक्षा चांगलं ग्राफिक्स कार्ड बसेल का?

हा प्रश्न एकट्या क्यूबचा नाही. १९८९ सालच्या मॅकिंटॉश एसई/३० पासून बँकांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या टेबलांवर आडव्या पडलेल्या सडपातळ डेस्कटॉपपर्यंत प्रत्येक लहान यंत्राच्या मालकाला तो कधी ना कधी पडतो. मोठ्या टॉवर कॅबिनेटमध्ये उत्तर सोपं असतं. पैसे असतील तेवढं कार्ड घ्यावं, वीज पुरवणारा एसएमपीएस कमी पडला तर तोही बदलावा. लहान पेटीत तसं चालत नाही. तिथे चिपची ताकद सगळ्यात शेवटी बघायची असते. आधी बघायची जागा, मग वीज, मग उष्णता आणि मग कार्डाची व यंत्राची भाषा जुळते का ते. बहुतेकांची फसगत होते ती हा क्रम उलटा लावल्याने. कार्ड आधी घेतलं जातं आणि पेटी नंतर मोजली जाते.

क्यूबपासूनच सुरुवात करतो, कारण या सगळ्या अडचणी त्याच्यात एकत्र भेटतात.

क्यूबमध्ये पंखा नाही. त्याची बाजू जेमतेम पावणेआठ इंच, उंची दहा इंचांच्या आत. गरम हवा आपोआप वर जाते आणि माथ्याच्या जाळीतून बाहेर पडते, खालून गार हवा आत येते; धुराड्याचं तत्त्व. मूळ कार्ड होतं एटीआयचं रेज १२८ प्रो, १६ एमबी मेमरीचं. त्यालाही पंखा नव्हता. वीजपुरवठ्याचा ठोकळा टेबलाखाली, यंत्राच्या बाहेर. २०५ वॅटचा तो ठोकळा २८ व्होल्टचा डीसी प्रवाह आत पाठवतो आणि आतल्या छोट्या बोर्डावर त्याचे हवे तसे व्होल्ट केले जातात. ऐकायला २०५ वॅट पुष्कळ वाटतात. पण ॲपलचा त्या काळचा मॉनिटरही त्याच कार्डावरच्या एडीसी नावाच्या जोडणीतून वीज घेत असे आणि ती जोडणी १०० वॅटपर्यंत वीज वाहून नेण्यासाठी आखलेली होती. संगणक आणि पडदा एकाच शिदोरीवर जगत होते.

मग लोकांना कार्ड बदलावंसं का वाटलं? खेळ हे एक कारण झालं, पण मोठं कारण ऑगस्ट २००२ मध्ये आलं. त्या महिन्यात मॅक ओएस एक्सची १०.२ ही आवृत्ती बाहेर पडली. जॅग्वार या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात क्वार्ट्झ एक्स्ट्रीम नावाची सोय होती. पडद्यावरच्या खिडक्या, त्यांच्या सावल्या, पारदर्शकता हे सगळं तोवर मुख्य प्रोसेसर जोडत असे. आता ते काम ग्राफिक्स कार्डावर सोपवलं गेलं. त्यासाठी किमान १६ एमबी मेमरी आणि ग्राफिक्स कार्डासाठीचा एजीपी २एक्स स्लॉट हवा होता. क्यूबकडे दोन्ही होतं. तरीही क्यूबचं रेज १२८ प्रो या सोयीतून वगळलं गेलं. खिडकी कोणत्याही मापाची असू शकते आणि कुठल्याही मापाचं चित्र पोत म्हणून पेलण्याची क्षमता त्या चिपमध्ये नव्हती. एनव्हिडियाचं जीफोर्स २ एमएक्स किंवा एटीआयचं कोणतंही एजीपी रेडिऑन असलं की भागत होतं. दोन वर्षांपूर्वी घेतलेलं यंत्र एका कार्डासाठी मागे पडलं होतं, आणि ते कार्ड बदलता येत होतं. क्यूबच्या मालकांनी स्क्रूड्रायव्हर उचलले ते इथे.

सोपा मार्ग ॲपलनेच ठेवला होता. रेडिऑन आणि जीफोर्स २ एमएक्स ही ३२ एमबीची कार्डं क्यूबसोबत पर्याय म्हणून मिळत. त्यातलं एखादं सापडलं की काम फत्ते. ते न मिळालं तर टॉवर मॅकसाठी बनवलेलं कार्ड घ्यायचं, आणि तिथे पहिली अडचण उभी राहते ती धातूच्या पट्टीची. क्यूबमधल्या कार्डाची मागची पट्टी नेहमीच्या मापाची नाही. ती काढून नव्या कार्डाला क्यूबची पट्टी लावावी लागते. जोडणीची भोकं जुळत नसतील तर कानस घेऊन बसावं लागतं. कार्डाची लांबीही बेताची हवी, आणि उंच हीटसिंक किंवा पंखा असेल तर तो आतल्या भागांना अडतो. हे सगळं हाताने, फूटपट्टीने मोजत, दोन-तीनदा बसवून बघत करायचं काम आहे.

दुसरी अडचण भाषेची. पीसीसाठी बनलेलं कार्ड आणि मॅकसाठी बनलेलं कार्ड यांची चिप अनेकदा तीच असते. फरक असतो तो कार्डावरच्या रॉममध्ये. पीसीच्या कार्डात एक्स८६ प्रोसेसरला कळणारे सुरुवातीचे आदेश असतात. पॉवरपीसी मॅक मात्र ओपन फर्मवेअर वापरतो, म्हणजे फोर्थ या भाषेवर उभं असलेलं प्रमाण. त्याला पीसीचे आदेश कळत नाहीत. यंत्र सुरू होतं, पडदा काळाच राहतो. म्हणून हौशी मंडळी पीसीचं स्वस्त कार्ड घेऊन त्यात मॅकचा रॉम भरतात, ज्याला सगळीकडे ‘फ्लॅश करणं’ म्हणतात. यात खाचखळगे आहेत. पीसी कार्डांवरची रॉमची चिप पुष्कळदा ६४ केबीची असते आणि मॅकचा पूर्ण रॉम १२८ केबी मागतो. मग एक तर काटछाट केलेला रॉम शोधायचा, नाही तर जुनी चिप उकलून मोठी चिप डागायची. हे दुसरं काम ज्याचा हात सोल्डरिंगवर बसलेला नाही, त्याने करू नये. कार्ड गेलं तर नवं मिळेल, क्यूबचा बोर्ड गेला तर मिळणार नाही.

एजीपी ८एक्सच्या काळातली कार्डं जुन्या जी-फोर मॅकमध्ये लावताना आणखी एक युक्ती करावी लागते, आणि ती न कळल्यामुळे कित्येकांनी चांगली कार्डं खराब समजून बाजूला टाकली. कार्डाच्या सोनेरी दातांपैकी ३ आणि ११ क्रमांकाचे दात एजीपी ८एक्समध्ये कार्डाची ओळख पटवण्यासाठी वापरले जातात. जुन्या मॅक बोर्डांवर त्या जागी वेगळीच जोडणी आहे. म्हणून ते दोन दात उष्णतेने न वितळणाऱ्या पातळ चिकटपट्टीने झाकायचे. चिमूटभर पट्टी, पण तिच्यावाचून यंत्र सुरूच होत नाही. स्लॉटच्या खाचेकडे लक्ष न देण्याची चूक याहून महाग पडते. पहिली एजीपी कार्डं ३.३ व्होल्टची, नंतरची १.५ व्होल्टची, स्लॉटमधल्या आणि कार्डावरच्या खाचा चुकीचं कार्ड बसू नये म्हणून ठेवलेल्या असतात. काही स्वस्त कार्डांवर खाचा चुकीच्या कापलेल्या होत्या आणि त्यांनी बोर्ड जाळलेले आहेत. कार्ड बसलं म्हणजे चालेल, ही खात्री एजीपीच्या बाबतीत धरू नये.

शेवट कुठे करायचा? २००५ च्या एप्रिलमध्ये टायगर, म्हणजे १०.४ आवृत्ती आली आणि तिच्यातल्या कोअर इमेज या चित्रप्रक्रियेच्या सोयीने आणखी नवी चिप मागितली. जीफोर्स २ आणि त्या काळची रेडिऑन पुन्हा मागे पडली. इथे हौशी लोकांच्या पसंतीला उतरलं ते फ्लॅश केलेलं जीफोर्स ६२००. २००४ ची ही चिप कमी विजेवर चालते, पंख्याशिवाय मिळते, २५६ एमबी मेमरीसह मिळू शकते आणि कोअर इमेज पेलते. टायगर हीच साध्या क्यूबची शेवटची अधिकृत पायरी आहे, कारण पुढच्या लेपर्डला ८६७ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर लागतो आणि क्यूब ४५० किंवा ५०० चा. म्हणून टायगर चालवायचं असेल तर ६२००, हे माझंही मत. पण ज्याला क्यूबवर त्याची जन्मजात ओएस ९ आणि त्या काळचे खेळ हवेत, त्याने ६२०० च्या वाटेला जाऊ नये. ओएस ९ ला त्या कार्डाचा वेग वापरताच येत नाही, कारण त्यासाठी चालकप्रणाली, म्हणजे ड्रायव्हरच नाही. त्याच्यासाठी ३२ एमबीचं जुनं रेडिऑन किंवा जीफोर्स २ एमएक्स जास्त चांगलं. ‘नवं’ आणि ‘चांगलं’ हे शब्द एकाच अर्थाने वापरायची सवय इथे सोडावी लागते.

रेडिऑन ९८०० सारखी तापट कार्डं क्यूबमध्ये बसवण्याची जिद्द मला पटत नाही. त्यासाठी आवरण कापावं लागतं, व्होल्ट नियंत्रित करणारा भाग बदलावा लागतो, आणि ४५० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर त्या कार्डाला पुरेसं काम देऊही शकत नाही. क्यूबच्या तळाशी ८० मिलिमीटरचा पंखा लावायची जागा मात्र आहे. नवं कार्ड बसवणाऱ्या प्रत्येकाने तिथे एक मंद फिरणारा पंखा लावावा. ॲपलची यंत्रं साधारणपणे ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत चालवावीत असं सांगितलेलं असतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बिनपंख्याचा क्यूब चालवणं म्हणजे त्याच्या धुराड्याला आधीच गरम हवा पाजणं.

आणखी एक गोष्ट कार्ड बदलल्यावरच लक्षात येते: पीसीच्या कार्डावर एडीसी जोडणी नसते. म्हणजे ॲपलचा तो देखणा जुना मॉनिटर जोडायचा तर वेगळा रूपांतरक आणि त्याचा वेगळा वीजपुरवठा हवा. क्यूब आणि त्याचा पडदा ही जोडी तुटते. ज्याला जोडीच जपायची आहे त्याने ॲपलचंच कार्ड शोधावं, कितीही वेळ लागो.

क्यूबच्या आधीही अशी धडपड झालेली आहे. एसई/३० चा पडदा ९ इंचांचा, ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा आणि प्रत्येक ठिपका एक तर काळा, नाही तर पांढरा. मायक्रॉन कंपनीच्या एक्ससीड कार्डाने आणि त्याच्या जोडीच्या पट्टिकेने त्याच अंगभूत पडद्यावर करड्या छटा आणल्या. यंत्राचं रूप तसंच, पडदा तोच, आणि त्यात छायाचित्र दिसू लागलं! मला लहान यंत्रांच्या ग्राफिक्स सुधारणेतलं हे सर्वात सुंदर काम वाटतं. ती कार्डं आता दुर्मिळ आहेत, पण हौशी अभियंत्यांनी त्यांच्या नव्या प्रती बनवल्या आहेत. १९९८ च्या पहिल्या निळ्या आयमॅकमध्ये एक जाहिरात न केलेला मेझानिन स्लॉट होता. मायक्रो कन्व्हर्जन्स या कंपनीने त्याच्यासाठी व्हूडू २ चिपचं गेम विझार्ड कार्ड काढलं. पुढच्याच वर्षीच्या आयमॅकमधून तो स्लॉट गायब झाला. जानेवारी २००५ मध्ये मॅक मिनी आला तेव्हा रेडिऑन ९२०० ची चिप थेट बोर्डावर डागलेली होती, ३२ एमबीसह. तिथे हा प्रश्नच संपला. तीन महिन्यांनी आलेल्या टायगरचं कोअर इमेज त्या चिपला पेललं नाही, आणि मालकाच्या हातात काही उरलं नव्हतं.

पीसीच्या जगात लहान पेटीला प्रतिष्ठा दिली ती तैवानच्या शटल कंपनीने. २००२ च्या आसपासच्या तिच्या ठोकळेवजा यंत्रांत पेंटियम ४, एजीपी स्लॉट आणि उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा कूलर होता. विंडोज ९८ च्या काळातले खेळ पुन्हा खेळणाऱ्यांना ही यंत्रं आवडतात, आणि त्यांच्यासाठी एक मर्यादा सांगून ठेवतो: जीफोर्स ६ मालिकेच्या पुढे एनव्हिडियाने विंडोज ९८ साठी चालकप्रणाली दिली नाही. त्या यंत्रांत कार्डापेक्षा आधी बोर्डावरचे कपॅसिटर बघावेत. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरची साथच आली होती. माथा फुगलेला किंवा तपकिरी डाग पडलेला दिसला तर कार्डाचा विचार बाजूला ठेवून आधी ते बदलावेत.

आता आपल्याकडच्या, खऱ्या अर्थाने घरोघरी पोचलेल्या यंत्रांकडे येऊ. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे कॉम्पॅक आणि एलिट, लेनोवोचे थिंकसेंटर. कंपन्या, बँका, महाविद्यालयं ही यंत्रं शेकड्यांनी घेतात आणि काही वर्षांनी शेकड्यांनी विकतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीच्या परिसरात चौकशी केली तर अशा ‘रिफर्बिश्ड’ यंत्रांचे भाव लगेच कळतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर घेत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पिढीची चांगली धडधाकट यंत्रं त्यामुळे कार्यालयांतून बाहेर पडली. लिनक्स टाकून ती अजून बरीच वर्षं वापरता येतील. शाळकरी मुलाला, चित्र-ध्वनीचं काम शिकणाऱ्याला, दोन पडदे हवे असलेल्या अनुवादकाला त्यात एक छोटं ग्राफिक्स कार्ड हवं असतं. क्यूबवाल्यांची हौस आणि या लोकांची गरज; अडचणी मात्र त्याच.

पहिली पुन्हा पट्टीचीच. पूर्ण उंचीचं कार्ड जवळपास ११ सेंटिमीटर उंच असतं, ‘लो प्रोफाइल’ कार्ड ६.९ सेंटिमीटरच्या आसपास. सडपातळ कॅबिनेटमध्ये दुसरंच बसतं, आणि त्याला छोटी पट्टी लागते. सेकंड हँड कार्ड घेताना ही पट्टी मागून घ्या. मी एकदा कार्ड आणलं ते मोठ्या पट्टीसह; विकणाऱ्याने छोटी पट्टी कुठे ठेवली ते त्यालाही आठवेना. दोन आठवडे ते कार्ड टेबलावर पडून होतं, कारण योग्य पट्टी वेगळी मिळवणं कार्ड मिळवण्याहून अवघड निघालं. कार्ड एका स्लॉटची जागा घेतं की दोन, हेही बघावं. काही कॅबिनेटमध्ये मुख्य स्लॉट एसएमपीएसला इतका खेटून असतो की दुहेरी जाडीचं कार्ड शिरतच नाही.

विजेचा हिशेब शांतपणे करावा. पीसीआय एक्स्प्रेसचा मोठा स्लॉट प्रमाणानुसार ७५ वॅटपर्यंत वीज देऊ शकतो. पण लहान यंत्रांच्या निर्मात्यांनी आपल्या कॅबिनेटसाठी याहून कमी मर्यादा ठरवलेली असू शकते, आणि ती यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलेली असते. ती आधी वाचावी. ऑप्टिप्लेक्स ७०१० च्या सडपातळ रूपात एसएमपीएस २४० वॅटचा. त्यातले ७७ वॅट कोअर आय-५ ३४७० सारख्या प्रोसेसरची कमाल गरज. कागदावर उरलेले वॅट भरपूर दिसतात. पण दहा वर्षं बंद खोलीत धूळ खात चाललेल्या एसएमपीएसकडून त्याच्या तरुणपणीच्या आकड्याची अपेक्षा धरू नये. सहा पिनांची वेगळी वीज मागणारं कार्ड तर अशा यंत्रात आणूच नये. बाजारात हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या साटाच्या जोडणीतून सहा पिना काढणारी वायर मिळते. साटाची जोडणी १२ व्होल्टवर ५४ वॅटपर्यंतच वाहू शकते आणि सहा पिनांचं कार्ड ७५ वॅट मागू शकतं. वितळलेले प्लग याच फरकातून येतात.

कार्डांची नावं घेऊनच बोलतो, कारण ग्राहक तिथेच अडकतो. १९ वॅटची एचडी ५४५० आणि जीटी ७१० ही कार्डं पडदा जोडण्यापुरती ठीक. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या अंगभूत ग्राफिक्सवरून त्यांच्याकडे जाण्यात फारसा लाभ नाही. जीटी ७३० हे नाव तर एकाच टोपीखाली वेगवेगळी डोकी लपवतं: वेगवेगळ्या पिढीच्या चिप्स, ६४ किंवा १२८ बिटांचा मेमरी मार्ग, डीडीआर३ किंवा जीडीडीआर५. डब्यावरचं नाव सारखं, आतला माल वेगळा. ग्राहकाला याहून वाईट वागणूक जीटी १०३० ने दिली. २०१७ साली आलेलं ३० वॅटचं हे कार्ड लहान पेटीसाठी जणू मापून शिवलेलं होतं. जीडीडीआर५ मेमरी, सेकंदाला ४८ जीबी वहनक्षमता, एकाच स्लॉटची जाडी. पुढच्याच वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं रूप आलं आणि वहनक्षमता १७ जीबीच्याही खाली आली. नाव बदललं नाही. विकत घेताना डब्यावर जीडीडीआर५ ही अक्षरं दिसल्याशिवाय पैसे काढू नका.

जीटी १०३० चा खरा उपयोग खेळांपेक्षा चित्रफितींसाठी आहे. व्हीपी९ आणि १० बिटांची एचईव्हीसी ही चित्रणं ते स्वतः उलगडतं, त्यामुळे जुना प्रोसेसर मोकळा होतो. ४के पडदाही सेकंदाला ६० चित्रांच्या गतीने चालतो. चित्रफीत बनवताना ती संकुचित करण्याचं यंत्र मात्र त्यात नाही. ज्याला ते काम करायचं आहे त्याने कार्यालयीन कामासाठी बनलेली क्वाड्रो कार्डं बघावीत. पी६२० आणि पी१००० ही ४० ते ४७ वॅटची, एका स्लॉटची, लो प्रोफाइल कार्डं आहेत आणि मोठ्या कंपन्यांच्या जुन्या वर्कस्टेशनमधून ती बाजारात येतात. लहान पेटीसाठी आजही मला ही कार्डं सर्वांत शहाणी वाटतात, आणि खेळवाल्यांचं तिकडे फारसं लक्ष नसतं. ७५ वॅटची जीटीएक्स १०५० टीआय आणि १६५० यांची लो प्रोफाइल रूपं आहेत, वेगही चांगला आहे. पण ती स्लॉटची पूर्ण मर्यादा वापरतात आणि चिमुकला पंखा चढ्या आवाजात फिरवतात. ज्याची पुस्तिका परवानगी देते आणि ज्याची खोली हवेशीर आहे, त्यानेच तिकडे वळावं.

२०२२ चं आरएक्स ६४०० पुष्कळांनी जुन्या यंत्रांसाठी घेतलं. ५३ वॅट, एक स्लॉट, आकडे मोहात पाडणारे. पण ते स्लॉटच्या सोळापैकी चारच मार्गिका वापरतं. पीसीआय एक्स्प्रेस ४.० च्या यंत्रात चार मार्गिकांतून सेकंदाला जवळपास ८ जीबी जातात, ३.० मध्ये ४ आणि दुसऱ्या पिढीच्या कोअर आय-५ असलेल्या २.० च्या यंत्रात फक्त २. जितकं यंत्र जुनं तितकं हे कार्ड लंगडं. नव्या कार्डाच्या परीक्षणांत दिलेले वेगाचे आकडे बहुतेकदा नव्या बोर्डावर घेतलेले असतात, हे जुन्या यंत्राच्या मालकाने प्रत्येक वेळी आठवावं.

मॅकमधल्या रॉमची अडचण पीसीतही वेगळ्या रूपात आहेच. २००८ ते २०११ च्या सुमाराचे अनेक कंपनी-बोर्ड जुन्या पद्धतीच्या बायोसवर चालतात, आणि नवी कार्डं युईएफआय ही नवी पद्धत गृहीत धरतात. कार्ड लावल्यावर पडदा काळा आणि यंत्र बीप करत राहतं. कार्ड परत करण्याआधी जुन्या ग्राफिक्सवर यंत्र सुरू करून बायोसची शेवटची आवृत्ती टाकून बघावी. बरेचदा तेवढ्याने काम होतं. चालकप्रणालीचं आयुष्यही मोजायला हवं. एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांसाठी, म्हणजे जीटी १०३० आणि वर सांगितलेल्या क्वाड्रोंसाठीही, ५८० ही शेवटची चालकप्रणाली शाखा ठरवली आहे. एएमडीच्या जुन्या रेडिऑनना लिनक्सच्या गाभ्यातच मुक्त चालकप्रणाली आहे आणि ती कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाही. २०१२ चं एचडी ७७५० लो प्रोफाइल रूपात मिळालं, तर लिनक्सवाल्याने ते ५५ वॅट देऊनही घ्यावं, असं मला वाटतं.

बनावट कार्डांबद्दल सावध करायलाच हवं. जुन्या जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयच्या चिपवर नवा रॉम भरून ती जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकली गेली आहेत. फ्लॅश करण्याची तीच कला, वाईट कामासाठी. जीपीयू-झेड हे मोफत साधन २०१८ पासून अशी कार्डं ओळखून दाखवतं. दुकानातच ते चालवून बघायला मागा. नाही म्हणणाऱ्या दुकानदाराकडून कार्ड घेऊ नका.

बसवण्याच्या दिवसाचं थोडं. मशीनमधली धूळ आधी बाहेर, अंगणात किंवा गच्चीवर काढावी. कार्डाच्या सोनेरी दातांवर पावसाळी हवेने काळपट थर चढतो. स्वच्छ खोडरबराने हलक्या हाताने पुसून, कण झटकून कार्ड बसवावं. सेकंड हँड कार्डाची उष्णतावाहक पेस्ट बहुतेकदा वाळून खडू झालेली असते, ती बदलावी. सडपातळ कॅबिनेटमध्ये बिनपंख्याचं कार्ड शांत म्हणून घेऊ नये. तिथली हवा प्रोसेसरवरून जाते, कार्डापर्यंत पोचत नाही, आणि बिनपंख्याचं कार्ड भाजून निघतं. लहान का होईना, पंखा असलेलं कार्ड तिथे जास्त जगतं.

आणि काढलेलं कार्ड टाकू नका, विकूही नका. त्याच्या पट्टीसह, स्क्रूंसह, ते स्थिरविद्युतरोधक पिशवीत ठेवा. पिशवीवर यंत्राचं नाव आणि कार्ड काढल्याची तारीख लिहा. क्यूबच्या बाबतीत तर मूळ रेज १२८ प्रो आणि त्याची ती विचित्र मापाची पट्टी यंत्राइतकीच मोलाची आहे, कारण ती पट्टी आता सहज मिळत नाही. नवं कार्ड उद्या बंद पडलं, तर तुमचं यंत्र त्याच जुन्या कार्डावर सुरू होणार आहे.